रक्तशुद्धी करणारा कोळसा आणि त्याची कसोटी



पाठीच्या कण्याच्या दोहो अंगांस मुठीएवढी जी दोन मूत्रपिंडे निसर्गाने ठेवली आहेत, त्यांचा कारभार इतका निमूटपणे चालतो की तो बिघडेपर्यंत त्याची दखल घेण्याचे आपल्याला कारणच पडत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात, आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर टाकून उरलेला, म्हणजे शंभरातले जवळजवळ नव्याण्णव भाग, पुन्हा रक्ताच्या स्वाधीन करतात. मूत्रपिंडाचे कौशल्य टाकण्यात आहेच, पण त्याहून अधिक ते राखण्यात आहे, ही गोष्ट या आकड्यांवरून आपण आरंभीच ध्यानात घ्यावी अशी माझी विनंती आहे. कारण रक्त शुद्ध करू म्हणणाऱ्या कोणत्याही कृत्रिम पदार्थाला जो जाब विचारावयाचा तो याच मुद्द्यावर विचारला पाहिजे, आणि दुर्दैवाने तो फारसा विचारला जात नाही.

मूत्रपिंडे निकामी होण्याची कारणे अनेक असली तरी मधुमेह आणि रक्तदाब ही त्यांत अग्रभागी आहेत, आणि ही दोन्ही दुखणी आता केवळ शहरांची मिरास राहिलेली नसून चंदगड-आजऱ्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली आहेत. मूत्रपिंड थकले की युरिया, क्रिएटिनिन, यूरिक आम्ल, पोटॅशियम, फॉस्फेट आणि ज्यांची नावे रोग्याने कधी ऐकलेलीही नसतात अशी कितीतरी द्रव्ये रक्तात साचू लागतात. अन्नावरची वासना उडते, पाय सुजतात, अंगाला खाज सुटते, चार पावलांत दम लागतो, आणि अखेर आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस चार-चार तास, डायलिसिसच्या यंत्राशी स्वतःला बांधून घेणे रोग्याच्या नशिबी येते. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेने आणि 2016 साली केंद्रीय अंदाजपत्रकात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने गरीब रोग्याच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका केला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे; परंतु येण्याजाण्यात गेलेला दिवस आणि रोग्याची व सोबत्याची अशी दोघांची बुडालेली मजुरी यांची भरपाई कोणत्याही योजनेच्या जमाखर्चात अद्याप बसलेली नाही.

डायलिसिसचे तत्त्व सोपे आहे. विशिष्ट पडद्यातून लहान कण पार जातात आणि मोठे अडतात, हे स्कॉटिश रसायनज्ञ टॉमस ग्रॅहम याने 1861 साली दाखविले. पण त्या तत्त्वाने माणूस वाचविण्यास आणखी ऐंशी वर्षे जावी लागली. महायुद्धाच्या धामधुमीत, जर्मनांच्या अमलाखालील हॉलंडमध्ये, कांपेन या लहानशा गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने 1943 साली सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरावयाची सेलोफेनची नळी एका लाकडी पिंपाभोवती गुंडाळली, तीतून रक्त खेळविले आणि ते पिंप क्षारांच्या पाण्यात फिरते ठेवले. पहिले बहुतेक रोगी दगावले. 1945 साली मात्र 67 वर्षांची एक स्त्री त्या यंत्रावर बेशुद्धीतून शुद्धीवर आली, आणि तेथून या विद्येचा खरा इतिहास सुरू झाला. आजचे यंत्र दिसावयास कितीही निराळे असो, त्याचे मूळ तेच आहे. पडद्याच्या एका अंगाने रक्त व दुसऱ्या अंगाने डायलिसेट नावाचे द्रावण मिनिटाला सुमारे अर्धा लिटर या वेगाने वाहते, म्हणजे चार तासांच्या एका खेपेला सुमारे 120 लिटर अतिशुद्ध पाणी लागते, आणि ते पाणी शुद्ध करताना वाया जाते ते निराळेच.

हा पाण्याचा हिशेब आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नुसता कागदावरचा नाही. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेने पात्र सोडले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला, उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले, आणि चोहीकडे पाणी असूनही पिण्यास पाणी नाही अशी अवस्था आपण सर्वांनी भोगली. निरोगी माणूस असे आठ दिवस कसेबसे काढतो. ज्याचे रक्त एक दिवसाआड धुतले गेलेच पाहिजे त्याच्यापुढे त्या आठ दिवसांत कोणता प्रश्न उभा राहत असेल, याची कल्पना करण्यास फार संवेदनशीलता लागत नाही. थोड्या पाण्यात, रस्ता बंद असतानाही, तालुक्याच्या गावी किंवा घरीच रक्तशुद्धी होऊ शकेल काय? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मार्ग अधिशोषक पदार्थांमधून जातो.

एखाद्या घन पदार्थाने आपल्या पृष्ठभागावर द्रवातील अथवा वायूतील कण धरून ठेवणे, याला अधिशोषण म्हणतात, आणि या कामात कोळशाचा हात धरणारा पदार्थ अद्याप विरळाच. तोबियास लोवित्स या रशियात काम करणाऱ्या रसायनज्ञाने 1785 साली कोळशाने रंगीत द्रावणे निवळतात हे दाखविल्यावर दहा वर्षांच्या आतच साखरेचे कारखानदार या शोधाकडे वळले. तेव्हा ज्या विद्येची आज आपण रुग्णालयाच्या संदर्भात चर्चा करीत आहोत तिचे पहिले पोषण साखरेच्या धंद्याने केले, ही गोष्ट उसाच्या या मुलखात सांगताना मला विशेष समाधान वाटते. सक्रिय कोळसा म्हणजे वाफेने किंवा रसायनांनी आतून पोखरून सच्छिद्र केलेला कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधील सर्व छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे 1000 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ दहा गुंठे, भरते. चिमूटभर काळ्या भुकटीत दहा गुंठे रान सामावलेले असते, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात आणि मलाही दर वेळी त्यांच्याबरोबर चकित व्हावेसे वाटते.

मग रक्त सरळ कोळशावरूनच का वाहू देऊ नये? ग्रीसमधील यात्झिडिस या वैद्याने 1964 साली नेमके हेच केले. रक्त कोळशाच्या नळकांड्यातून खेळविताच क्रिएटिनिन व यूरिक आम्ल झपाट्याने उतरले, झोपेच्या औषधांनी विषबाधा झालेल्यांच्या रक्तातून ते विषही निघाले. परंतु त्याबरोबरच रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कोळशाला चिकटून नाहीशा होऊ लागल्या आणि कोळशाची सूक्ष्म भुकटी रक्तात उतरून शरीरात जाऊन बसू लागली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात टॉमस चँग यांनी यावर तोड काढली. कोळशाच्या दाण्यावर त्यांनी कोलोडिअन व अल्ब्युमिन यांचा अतिशय पातळ थर दिला. विष आत शिरावे पण रक्तपेशींचा कोळशाशी स्पर्श होऊ नये, अशी ती योजना होती, आणि 1970 नंतर ती रोग्यांवर यशस्वी झाली. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील संशोधकांनी कोळशाच्या सूक्ष्म कुप्या आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून निघणाऱ्या कायटोसानचे, बिलिरुबिन टिपणारे मणी यांवर 1990 च्या दशकात चिकाटीने काम केले, याची आठवण आपल्याकडील तरुणांना करून दिली पाहिजे.

येथे आपल्या गुऱ्हाळाचा दाखला देतो. काहिलीत रस उकळू लागला की रानभेंडीचा चिकट रस घालून गुळव्या मळी वर आणतो आणि झाऱ्याने ती काढून टाकतो. चांगल्या गुळव्याची ओळख त्याने किती मळी काढली एवढ्यावरून होत नाही, मळीबरोबर त्याने रस किती घालविला हेही पाहिले जाते. कोळशाला ही पारख उपजत नाही. तो क्रिएटिनिन घेतो तसे जीवनसत्त्वही घेतो, विष घेतो तसे त्याच रोग्याला टोचलेले प्रतिजैविकही घेतो, रक्त गोठू नये म्हणून सोडलेले हेपॅरिनही घेतो. म्हणून माझे आजचे म्हणणे असे आहे की, अधिशोषकाची परीक्षा त्याने किती उचलले या एकाच रकान्यावर आटोपणे ही अर्धी परीक्षा होय. त्याने काय शिल्लक ठेवले आणि स्वतःतले काय रक्तात मिसळले, हे दोन रकाने भरल्यावाचून त्या दस्तऐवजावर सही होता कामा नये.

तिसऱ्या रकान्याची महती पटविण्यास एकच उदाहरण पुरेसे आहे. 1973 साली अमेरिकेत रेडी नावाची एक योजना बाजारात आली. तीत रक्त अधिशोषकावरून न नेता वापरलेले डायलिसेटच अधिशोषकांच्या नळकांड्यातून शुद्ध करून पुन्हा फिरविले जाई, आणि 120 लिटरांचे काम सुमारे 6 लिटरांत भागे. युरिया ही कोळशाची कायमची डोकेदुखी आहे, कारण तो कण अगदी लहान, विद्युत्भाररहित आणि पाण्याशी विलक्षण सख्य असलेला. शरीर रोज सुमारे 20 ते 30 ग्रॅम युरिया निर्माण करते आणि तेवढा नुसत्या कोळशाने धरावयाचा तर कोळशाचा हिशेब किलोंमध्ये जातो. म्हणून रेडीच्या कर्त्यांनी नळकांड्यात युरिएज हे विकर ठेवून युरिया फोडला, त्यातून निघणारा अमोनिया झिर्कोनियम फॉस्फेटच्या थरावर धरला, फॉस्फेटासाठी झिर्कोनियम ऑक्साइड ठेवले आणि उरलेल्या कामावर कोळसा नेमला. इतकी सुरेख रचना, आणि तरीही पुढच्या दशकात असे आढळून आले की त्या नळकांड्यातूनच अ‍ॅल्युमिनियम पाझरते. निरोगी माणूस अ‍ॅल्युमिनियम मूत्रावाटे टाकून देतो. ज्याचे मूत्रपिंडच बंद, त्याच्या हाडांत आणि मेंदूत ते साचते. घेण्यात अव्वल ठरलेला पदार्थ देण्यात घातक निघाला, तो असा.

शुद्धीकरणाचे लक्ष्यही काळाबरोबर बदलत गेले आहे. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असणाऱ्यांच्या मनगटांत व सांध्यांत जे चिवट द्रव्य साठते ते बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचे बनलेले आहे, हे जपानमध्ये 1985 साली सिद्ध झाले. युरियाचा रेणुभार 60, क्रिएटिनिनचा 113, तर या प्रथिनाचा सुमारे 11,800. ते जुन्या पडद्यातून जात नाही. जपानी संशोधकांनी त्यासाठी सेल्युलोजचे सच्छिद्र मणी घेऊन त्यांवर मेदाळ शृंखला जोडल्या आणि 1996 पासून ते स्तंभ वापरात आले. इंडॉक्सिल सल्फेट व पी-क्रेसिल सल्फेट ही आणखी निराळी जात. आकाराने ती लहानच, पण नव्वद टक्क्यांहून अधिक अल्ब्युमिनला चिकटून असल्याने पडद्याला सापडत नाहीत. त्यांचा उगम आतड्यातील जंतूंत असल्यामुळे जपानने 1991 पासून पोटात घेण्याच्या कोळशाच्या गोल दाण्यांना मान्यता दिली. परंतु 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रोग्यांवरील चाचण्यांत त्या दाण्यांनी रोगाची वाटचाल मंदावते असे निर्णायकपणे दिसले नाही. प्रयोगशाळेत कण टिपणे आणि रोग्याचे आयुष्य सुधारणे यांत केवढे अंतर आहे, त्याचे हे मोजलेले माप आहे, आणि ज्यांनी तो प्रतिकूल निकाल लपवून न ठेवता छापला त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

आता प्रयोगशाळेत परीक्षा प्रत्यक्ष कशी होते ते जवळून पाहू. कोळशाचे दाणे प्रथम वाफाळलेल्या पाण्याने वारंवार धुवावयाचे, आणि धुण्याचे पाणी पांढऱ्या गाळणकागदातून काढून कागदावर करडी झाक उरते की नाही ते पाहावयाचे. झाक उरली तर पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण जी भुकटी कागदावर दिसते तीच उद्या फुप्फुसात जाईल. मग दाणे वाळवून, तोलून, क्रिएटिनिनच्या ठरावीक द्रावणात घालून, 37 अंश तापमानावर हलविणाऱ्या यंत्रात ठेवतात आणि ठरावीक वेळांनी थोडे थोडे द्रावण काढून घेतात. त्यात पिक्रिक आम्ल व अल्कली मिसळली की नारिंगी रंग चढतो. याफे या जर्मन संशोधकाने 1886 साली शोधलेली ही पद्धत आजही आपल्या गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबपर्यंत चालू आहे. रंग जितका फिका तितके क्रिएटिनिन कोळशाने उचललेले. निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे घेऊन आलेख काढला की लँगम्युरच्या 1918 च्या समीकरणावरून त्या कोळशाची कमाल ताकद निघते, आणि बहुतेक शोधनिबंध येथेच, विजयाच्या स्वरात, समाप्त होतात.

खरी परीक्षा तेथून पुढे असते. तोच कोळसा रक्तद्रवात घातला की अल्ब्युमिनचे मोठे कण छिद्रांच्या तोंडाशी येऊन बसतात आणि पाण्यात दिसलेली ताकद पुष्कळ वेळा निम्म्यावर येते. शिवाय याफेच्या रंगात प्रथिने व ग्लुकोज हीसुद्धा आपला वाटा मिसळतात. कोळशाने ती उचलली तर रंग उतरतो आणि भोळा परीक्षक ते सारे श्रेय क्रिएटिनिनच्या खात्यावर जमा करतो, म्हणून रक्तद्रवातील मोजणी विकराच्या पद्धतीनेच झाली पाहिजे. त्यानंतर ताजे, गोठण्यापासून राखलेले रक्त दाण्यांशी मंदपणे फिरवून तळाशी बसवावयाचे आणि वरचा द्रव पाहावयाचा. तो गवती पिवळा राहिला तर पेशी शाबूत आहेत, गुलाबी झाला तर त्या फुटल्या आहेत. ही फूट 2 टक्क्यांच्या आत असेल तर पदार्थ निर्दोष आणि 5 टक्क्यांवर गेली तर अग्राह्य, असा रूढ दंडक आहे. बिंबिकांची आधीची व नंतरची मोजणी, गोठण्याचा काळ, ग्लुकोज, कॅल्शियम, आणि शेवटी पदार्थातून पाझरणाऱ्या धातूंची तपासणी, एवढे सर्व झाले म्हणजे तीनही रकाने भरले. भारतात 2018 पासून अमलात असलेल्या वैद्यकीय उपकरण नियमांची वाट याच तपासण्यांतून जाते.

या दृष्टीने आपल्याकडील पुष्कळसे संशोधन पाहिले की मनाला रुखरुख लागते. उसाच्या चिपाडापासून, नारळाच्या करवंटीपासून, शेंगांच्या टरफलांपासून सक्रिय कोळसा करण्याचे प्रयोग देशभर झाले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची परीक्षा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर झाली आहे. निळे पाणी नितळ झालेले डोळ्यांना सुखावते; पण तो कण धनभारित आहे आणि इंडॉक्सिल सल्फेट ऋणभारित, तेव्हा एकाच्या यशावरून दुसऱ्याविषयी काहीही अनुमान निघत नाही. सांडपाण्याच्या कामी तो कोळसा उत्तम असेल, रक्ताच्या कामी तो अजून उमेदवारसुद्धा ठरलेला नाही. चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते, तिचा बंदोबस्त केल्यावाचून तो रक्तापुढे नेताच येणार नाही. करवंटीचा कोळसा कठीण असल्याने भुकटी कमी सोडतो, म्हणून आरंभ त्याच्यापासून करावा असे माझे मत आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने 2018 साली टायटॅनियम कार्बाइडच्या पापुद्र्यासारख्या थरांमध्ये युरिया अडकतो हे दाखविले, तेव्हा त्या मंडळींनी शुद्ध पाण्याबरोबर रोग्यांचे वापरलेले डायलिसेटही घेतले होते, आणि मला त्या निबंधात नव्या द्रव्याइतकीच ही शिस्त मोलाची वाटली. आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक जयेश बेल्लारे यांच्या मंडळींनी डायलिसिसच्या पोकळ तंतूंवर काम करताना रक्ताशी होणाऱ्या मेळाची तपासणी बरोबरीनेच चालविली, हेही अनुकरणीय आहे.

कोल्हापुरात या कामाची सामग्री नाही असे कोणी म्हणू नये. शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाची परंपरा आहे. कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालय आणि नव्या पदार्थांचे संशोधन एकाच छत्राखाली नांदते. शासकीय महाविद्यालयाशी जोडलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपले सीपीआर, शहराच्या मध्यात आहे. उणीव आहे ती या वास्तूंमधील रस्ता रोज तुडविणाऱ्या माणसांची. रसायनाचा विद्यार्थी डायलिसिसच्या कक्षात कधी जात नाही, आणि कक्षातल्या तंत्रज्ञाला आपल्या यंत्रातून मोरीत जाणाऱ्या पाण्याची कोणाला गरज असेल हे ठाऊक नसते. ते पाणी म्हणजे या परीक्षेचे आयते माध्यम आहे. त्यात रोग्याच्या शरीरातील खरा युरिया आहे, खरे क्रिएटिनिन आहे, फॉस्फेट आहे. ते मिळविण्यासाठी कोणालाही सुई टोचावी लागत नाही, आणि प्रत्येक खेपेला 120 लिटर या मानाने ते वाहून जात आहे. नैतिकता समितीकडे रीतसर अर्ज करून, रोग्याचे नाव कोठेही न नोंदता, पहिल्या तासाचे दोन लिटर आणि शेवटच्या तासाचे दोन लिटर एवढे डायलिसेट जरी बंद बरणीतून, जंतू वाढून युरिया कुजण्यापूर्वी बर्फात ठेवून, प्रयोगशाळेत पोहोचले, तर करवंटीच्या कोळशाचा, कायटोसानच्या थराचा आणि झिर्कोनियम फॉस्फेटचा निकाल शुद्ध पाण्याऐवजी त्यावर लावता येईल. आणि जो पदार्थ तेथे टिकेल त्यालाच रक्तपेढीची परवानगी घेऊन रक्तापुढे उभा करावा. या कामाला मोठे अनुदान लागत नाही. दोन विभागप्रमुखांच्या सह्या, एक बरणी आणि आठवड्यातून एक फेरी लागते. ज्या विद्यार्थ्यांना ती फेरी मारावयाची असेल त्यांनी सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे.